मापांची वही

फॉर्मवर विचारलं होतं : आई, मावशा, आत्या, आजी.
कुणाला, कितव्या वर्षी, कुठल्या बाजूला.
काका फोनवर म्हणाले, आपल्यात नाही बुवा असलं काही.
शरयू टायफॉइडनं गेली. बेबी काळजीनं.
मग ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याबद्दल बोलत राहिले.

पाटणकर बाजारात जिन्याखाली नासिर मास्टरचं दुकान.
मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते, इतकंच.
खिरवडकर म्हटल्यावर त्यानं वडिलांची वही काढली,
उर्दू अक्षरं, कडेला टाचलेले कापडाचे तुकडे.
"आपके घर के सब नाप हैं इसमें, बाई."
तो वाचत गेला.

एकाहत्तर साल. शरयू. छाती चौतीस.
त्याखाली, दोनच वर्षांनी, वेगळ्या शाईत :
डावीकडे कापूस, दोन बोटं. जादा पैसे घेऊ नयेत.
बेबी : उजवीकडे.
आणि एक नाव, घरात कधीच न ऐकलेलं,
गोदू,
दोन्हीकडे,
हिरव्या खणाचा तुकडा अजून टाचणीला धरून.

मास्टर चष्मा पुसत राहिला. उगाच.
माझं माप घेताना टेप छातीशी आली
तेव्हा दोघंही जिन्याकडे बघत होतो.

फॉर्म भरला. रकाने कमी पडले.
नर्सनं विचारलं, ही माहिती कुणाकडून?
मी लिहिलं : शिंपी.

केतकीला अजून काही बोलले नाही.
वहीत शेवटच्या पानावर तीही आहे,
गॅदरिंगच्या वेळची, वय चौदा,
पुढे शिलाईत मास्टरनं
वाढीसाठी एक इंच सोडलेला.