सातवा मणका

माप घ्यायचं ते इथून.
गर्दन झुकाइये, म्हणते मी गिऱ्हाइकाला,
आणि कॉलरच्या वर दोन उंचवटे येतात,
कधी कधी तीन.
बोट ठेवते. अब ऊपर देखिये.
जो बोटाखालून आत सटकतो तो सहावा,
जागचा हलत नाही तो सातवा.
टेपची पितळी पट्टी तिथं टेकते.

पाटणकर बाजारात हे कुणी शिकवत नाही.
मला शिकवलं यादोराव मोहित्यांनी,
माझ्या बापानं,
मेडिकल कॉलेजात हाडांच्या खोलीवरचा शिपाई.
दर जुलैत नवी पोरं यायची
आणि जुना सांगाडा कुठंतरी सुटलेला असायचा.
डबा घेऊन जावं तर बाबा सतरंजीवर,
पुढ्यात मणके ओळीनं,
वरचे लहान, खालचे दणकट,
तार ओवताहेत, मधे चकत्या घालताहेत
सायकलच्या ट्यूबच्या, माझ्याच कातरीनं कापलेल्या.

खरी चकती कशी असते?
"पाणी धरते. दिवसभर आपण उभे, ती पिळत जाते.
रात्री आडवं झालं की परत पिते.
सकाळी माणूस बोटभर उंच असतो."
तेव्हापासून मी मापं दुपारनंतर घेते.

पहिला मणका म्हणजे नुसतं कडं.
डोकं त्यात मागं-पुढं डुलतं : हो.
दुसऱ्याला वर खुंटी,
जात्याच्या तळीत असते तशी,
कडं तिच्याभोवती फिरतं : नाही.
आणि लष्करातले दुकानदार मुंडी हलवतात ते?
हो पण नाही, नाही पण नाही?
बाबा हसले. "ते खालच्या पाचांचं काम.
तिथले सांधे तिरपे.
कलायचं म्हटलं की थोडं वळावंच लागतं.
नुसतं कलणं तिथं नाही."

मग कमरेतले दोन उचलायचे,
एकमेकांत बसवायचे, जोडलेल्या तळव्यांसारखे,
आणि पिळायला जायचं. खट्.
"कंबर वळत नाही. लोकांना वाटतं वळते.
ती वाकते, उठते.
वळतात बरगड्यांचे मणके आणि खुबे,
नाव मात्र हिचं."

एका सांगाड्यातला कमरेचा चौथा हरवला होता.
बाबांनी शिसवाचा कोरून घातला, वरून चुना.
सहा वर्षं पोरं त्यावर पास झाली.

निवृत्तीनंतर त्यांचा दर दिवाळीचा सदरा माझ्याकडे.
वहीत आकडे आहेत.
मागची लांबी साडेसतरा, पुढची सतरा.
मागची अठरा, पुढची साडेसोळा.
मागचं वाढत गेलं, पुढचं घटत गेलं.
मी पाठीत कापड सोडत गेले, छातीवरचं काढत गेले,
सदरा अंगावर सरळ दिसायचा.
बोलले काही नाही.
एकदा त्यांनीच हात मागं नेला, पोचेना,
तर माझं बोट धरून दाबून दाखवलं :
"आठवा. पुढच्या बाजूनं बसलाय, पाचरीसारखा.
नववाही असेल."
जणू कॉलेजातलीच एखादी पेटी उघडली होती.

यंदा मान खाली घाला म्हणायची वेळ आली नाही,
ती खालीच होती.
आता वर बघा, म्हटलं.
त्यांनी डोळे तेवढे वर नेले.
बोटाखालचं काहीच सटकलं नाही,
सहावा कुठला, सातवा कुठला, कळेना.
"वरून मोज," ते म्हणाले.
"दुसऱ्यापासून. पहिला हाताला लागत नाही."

केसांच्या रेषेखाली बोट रुतवलं.
दोन, ते म्हणाले.
तीन लागेना, तो खोल असतो,
थांबलो दोघंही.
तीन. चार. पाच.
बाहेर कंपूकडच्या रस्त्यावर कोण कुणाला हाका मारत होतं.
सहा.
सात.

अठरा आणि सहा सूत.
मी लिहिलं.
"वेळ घाल शेजारी," ते म्हणाले.
घातली. सकाळचे सात.
बाकी सगळ्यांचं दुपारनंतर.