पूल उघडतो तेव्हा

लोक विचारतात ते आवाजांबद्दल.
अजून येतात का? काय सांगतात?
बटणांबद्दल कोणी विचारत नाही.

माझा भाऊ वीबे, वय एक्केचाळीस,
कोटाचं तिसरं बटण चिमटीत धरून उभा आहे
हार्लिंगनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात.
बोटं पोचलीत, काज समोर आहे,
मधेच कुठेतरी निरोप अडलाय.
किटली शिट्टी घालून गप्प झाली.
शेवटी मीच पुढे होते, लावून टाकते.
त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही,
तरी मला कळतं, मी काहीतरी हिसकावून घेतलं.

दर सहा महिन्यांनी दवाखान्यात
पंचवीस खुंट्या, पंचवीस भोकं.
डॉक्टर टेरप्स्ट्रा घड्याळ दाबते,
लिहिते : इतरांच्या दुप्पट वेळ.
गोळ्यांमुळे का?
थोडं गोळ्यांमुळे, म्हणते ती,
थोडं आजाराचंच. आधीपासूनचं असू शकेल.

आधीपासूनचं.
तो हिवाळा, कालवा गोठलेला,
हा एकोणीस वर्षांचा, स्केटवर कोणाला हाती न लागणारा,
आणि एका वळणावर एकदम
थांबला बर्फावर, एक पाय जरासा पुढे.
आम्ही हसलो होतो.
वाटलं, नकला करतोय.

आज बँकेत जायचंय. साडेचारला बंद होते.
चल ना, मी म्हणते, चल ना रे,
आणि तो चालतो, हात अंगाला चिकटवून,
छातीएवढ्या पाण्यातून चालल्यासारखा.
सायकली टिणटिणत बाजूने निघून जातात.
एकजण वळून बघतो. मी त्याच्याकडे बघते.

मग पुलाची घंटा. लाल दिवा. दांडी खाली.
कोळंबीची एक होडी येतेय, निवांत,
आणि पूल उठतो, इंच इंच,
सगळं गाव एक पाय जमिनीला टेकून उभं :
टायवाला माणूस, पावाची गाडी, शाळेतली पोरं.
कोणी च्यक्‌ करत नाही.
पुलाला कोणी मंद म्हणत नाही.

उत्तरेचा वारा झोंबतो.
वीबेचा हात उचलला जातोय,
मला वाटतं नाक पुसायला,
पण तो माझ्या मफलरपाशी येतो, सुटलेल्या.
एक वेढा. मग थांबा.
दुसरं टोक अजून त्याच्या मुठीत
आणि पूल खाली टेकला, दांडी वर,
मागून घंट्याच घंट्या.

मी हलत नाही.
गाठ जरा घट्ट बसतेय.