मोड

"मोड हाय का?" पाचशेची नोट पुढं करून गिऱ्हाईक विचारतं,
आणि मी म्हणतो, दोन्ही हायत, कुठली पायजे?
बावीस वर्षं हा एकच विनोद,
कपिलतीर्थाच्या मंडईत,
कोथिंबीरवाल्या भागूच्या डाव्या अंगाला.
भागू अजून हसते.

माझं काम साधं. सकाळी भिजत, रात्री फडक्यात,
फडकी खुंटीला, मटकीचं वेगळं, मुगाचं वेगळं.
मटकी मिसळवाल्यांची. थंडीत रुसते, तिला चुलीजवळ टांगायची.
मूग शहाणा. अर्ध्या पेराएवढा आला की थांबवायचा,
नाहीतर उसळीत दाताला लागते नुसती शेपटी.

मग एक दिवस पेमा आली, कालिम्पोंगची.
रंकाळ्यावर तिच्या भावाची नूडल्सची गाडी.
माझ्या ढिगात हात घालून म्हणाली, "इतका छोटा?
आम्हाला असा लागतो," आणि अख्खं बोट दाखवलं.
भागूनं पदर तोंडात कोंबला.

डब्याच्या बुडाला भोकं पाडायची.
फडकं, मूग, वर परत फडकं, आणि त्याच्यावर वजन.
अंधार. चार-चार तासांनी पाणी, रात्रीसुद्धा.
उजेड दिसला की हिरवा पडतो, कडवट होतो.
"कोवळ्या जिवावर वजन?" मी म्हणालो.
"त्यानंच जाड होतो," ती म्हणाली,
तिला हे सिलिगुडीच्या एका म्हाताऱ्या चिनी आचाऱ्यानं शिकवलेलं.

पहिला डबा सडला.
समोरची तानुबाई नाकाला पदर लावून बघून गेली,
घरातलं कोण गेलं का म्हणून.
दुसरा सुतासारखा बारीक.
तिसऱ्याला मी माळ्यावरून माप काढलं,
सासऱ्यांच्या दुकानातलं, पाच किलोचं.
बुडातलं शिसं त्यांनी खरवडलेलं,
साडेचारचं पाच करून अख्ख्या पेठेला घातलेलं.
दुकान गेलं, मापातलं पाप तेवढं घरात राहिलं.
मुगाला काय त्याचं. त्यानं कधी काट्याकडं बघितलं नाही.

पाचव्या दिवशी झाकण काढलं
तर माप चार बोटं वर.
मी डबा हलवून बघितला, कुणी काय केलं का.
कुणी नाही. मुगानं उचललेलं.
खाली पांढरेशुभ्र, दाटीवाटीनं उभे,
डोक्यावर पिवळी टोपी अर्धी सरकलेली.

संध्याकाळी गाडीवर नेऊन दिले.
कढई नुसती धगधगत होती. लसूण, मीठ,
मूठभर मोड, आणि पेमानं तोंडातल्या तोंडात
वीसपर्यंत मोजलं. एकवीस नाही.
"कच्चं हाय की," मी म्हणालो.
"असंच असतं."
दातांखाली आधी कचकन् आवाज आला, मग पाणी, मग गोड.
तरी मी पिशवीतनं कांदा-लसणीची चटणी काढली
आणि वर भुरभुरली. पेमानं एक घास घेतला,
ठसका, डोळ्यांत पाणी, भावाला आमच्या नावानं कायतरी बोलली.
आता ती बरणी गाडीवरच असते. चटणी मी देतो,
पैशाचं तिनं अजून नाव काढलेलं नाही, मीही नाही.

मराठी ती माझ्याकडनंच शिकली.
परवा पुण्याचं एक जोडपं हसलं तिला,
"बाई असून 'मी येतो' काय?"
पेमानं प्लेट पुढं केली.
"इथं असंच असतं."

रात्री तीनला उठतो. दिवा लावत नाही.
तांब्या चाचपायचा, पाणी हळू सोडायचं,
खाली परातीत टपटप थांबेपर्यंत उकिडवं बसायचं.
गंगावेशीकडं म्हशी निघालेल्या असतात, साखळ्या वाजतात.
मग मापाखाली बोटं घालून बघतो.
आज दोन.