उणे सदुसष्ट

सोहारच्या नव्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
मी ट्रॉली ढकलतो: लॅपटॉप, बॅटरी,
काठीच्या टोकाला बांधलेला एकच राउटर.
चार पावलं. थांब. मोजणी. चार पावलं.

जिप्समची भिंत सोडून देते,
काँक्रीट जकातीसारखं अर्धं ठेवून घेतं.
एक्स-रेच्या खोलीला शिशाचा पत्रा,
आत पाऊल टाकलं की आकडा विहिरीत.
उणे सदुसष्ट हवं. त्याखाली नकाशा पिवळा, मग लाल,
मग नुसता राखाडी.

बलुशीसाहेब म्हणाले, मागचा जिना सोडा,
तिथे पेशंट जात नाही.

जिन्यात तफज्जुल बसला होता, फरशी पुसून,
हात अवघडेपर्यंत फोन वर धरून.
पडद्यावर त्याची मुलगी
अर्धं तोंड उघडून गोठलेली.
"दात पडलाय," म्हणाला, "तोच दाखवत होती."

बाहेर पंचेचाळीस अंश.

अहवालात मी कॉरिडॉरचा सतरा नंबर
दीड मीटर डावीकडे सरकवला, जिन्याच्या दाराशी.
कारण लिहिलं: डक्टचा अडथळा.
पलीकडे सांडेल ते सांडेल.

डक्ट तिथे आहेच, तसा.