अकरा फूट चार इंच

वाळिबा कौलांवर, मी खाली फायरप्लेसपाशी गुडघ्यांवर.
त्यानं दोरीला मोबाइल बांधून सोडला,
बॅटरी पेटती, कॅमेरा चालू,
विहिरीत पोहरा सोडावा तसा.

मग देवळाली कॅम्पातल्या त्या व्हरांड्यात
धुराड्याचं पोट पाहिलं:
काजळी, काजळी, साळुंकीचं घरटं,
सांध्यांतला चुना झडलेला, बोट जाईल एवढ्या फटी.

"आता तू सांग नी," फ्रेनीबाई म्हणाल्या. "कसं, आणि किती."

स्टीलचा पाइप, सातपूरहून. वरून उतरवायचा, दोन दिवसांत मोकळे.
पण मधे बाक आहे, तिथं अडणार.
खापराचे नळ घातले तर तुमच्या नातवंडांनाही पुरतील,
भिंत मात्र चार जागी फोडावी लागेल.
नाहीतर माझ्या बापाची रीत:
पोत्यात भुसा ठासून धुराड्याच्या मापाचा गोळा करायचा,
तो हळूहळू वर ओढायचा,
आणि त्याच्या डोक्यावर चुना-सुरखी ओतत राहायची.
फटी आपोआप भरतात.
स्वस्त आहे. पण वाळायला महिना, तोवर जाळ नाही,
आणि थंडी तर दारात.

चहा देताना त्या केकीशेठचं बोलल्या.
अकरा हिवाळे खोकला. सिगारेटी गटारात फेकल्या मी.
शपथ घ्यायचा, सोडली म्हणून.
रोज सकाळी उशीला धुराचा वास.
खोटारडा म्हणाले त्याला, शेवटपर्यंत.

मी टेप घेऊन वरच्या खोलीत गेलो.
मोबाइलात सगळ्यात मोठी फट दिसली होती
छपरापासून अकरा फूट चार इंचांवर.
तेवढंच मोजलं. कॅलेंडर बाजूला केलं.
खाली पलंगाचं उसं.
भिंतीवर चहाच्या रंगाचा डाग,
वाजवून पाहिलं तर आत पोकळ.

बाई कधी जिना चढून आल्या कळलं नाही.
"हे किती जुनं?"
सांगता येत नाही, म्हणालो.
येत होतं. काजळी प्लास्टरात बोटभर मुरली होती.

त्यांनी डागाला नाक लावलं.
बराच वेळ.
माझ्या हातातली टेप सटकन आत गेली,
तेवढाच आवाज.

"तुझ्या बापाचं ते कर," त्या म्हणाल्या.
"महिनाभर बसते मी थंडीत."

वरून वाळिबाची हाक आली,
घरटं काढू का?
म्हटलं थांब, आधी बघ,
रिकामंच आहे ना.