पाण्याची वेळ

निघतो साडेतीनला. काम काही नसतं.
खिशात सुपारी, आणि लाँड्रीची पावती
जी वाटेत उगीच वाचतो.

पापाच्या तिकटीला म्हैस मधोमध उभी.
बस हॉर्न वाजवून दमली,
मग ड्रायव्हरनं तंबाखू मळायला घेतली.
गुजरीत एक बाई कर्णफूल लावते, काढते,
पुन्हा लावते. नवरा त्याच आरशात
स्वतःचा भांग बघतो.
तालमीच्या भिंतीवर पेंटर लिहितोय ‘येथे थांबू नये’.
‘थांबू’पर्यंत आलाय.
मी थांबतो.

मधे तीन दिवस ताप.
चौथ्या दिवशी कपिलतीर्थात
वडणग्याची तानूबाई पोत्यावरून ओरडली,
‘काय ओ, कुटं हुतासा?
तुमी गेलासा की मी पानी मारतो भाजीवर.
तीन दिस चुकलं बगा.
कोथमिरीनं पार माना टाकल्या!’

छत्तीस वर्षं पतसंस्थेत
मी घड्याळाकडं बघितलं.
आता हे.
चिडलोच. रिकाम्या माणसाला
न विचारता नोकरीला लावतात होय?

दुसऱ्या दिवशी मुद्दाम
मिरजकर तिकटीनं वळलो.
कुल्फीची गाडी होती, भांडण होतं,
कुणाचा तरी पोपट सुटून तारेवर बसलेला,
खाली अख्खी गल्ली माना वर करून.
एरवी तासभर हललो नसतो.

ऊन मात्र फार होतं.
चार वाजून गेले असणार.
पोपट बघता बघता मला
नुसती मेथी दिसायला लागली.

फिरलो मागं,
आणि पेन्शनीनंतर पहिल्यांदाच
भराभरा.