आठवी भाषा

नोव्हेना संपल्यावर सिस्टर फुलजेन्सिया म्हणाली,
"रविवारी आठ भाषांत प्रार्थना. मराठी आपके घर से."
विचारलं नाही, यादीत लिहूनच टाकलं.
आणि खरंच, आमच्याशिवाय कोण उरलंय आता
छावणीपासून परदेशीपुऱ्यापर्यंत
मराठीत कुरकुरणारं
आणि क्रूसाची खूण करून झोपणारं?

रात्री कूलरमध्ये दोन बादल्या ओतून मी कागद शोधला.
विजेच्या बिलाची पाठ कोरी होती.
पहिलं वाक्य आलं तेच हिंदीत.
खोडलं.
दुसऱ्यात 'परेशान' शिरलं.
आई खाटेवरून म्हणाली, "परेशान काय गं? गांजलेले लिही.
तुझा बाप गांजलेलेच म्हणायचा."

गांजलेले.
किती वर्षांनी हा शब्द घरात आला
आणि पाणी मागावं तसा दारात उभा राहिला.

माझा बाप, पास्कू शिरसाठ, साचेखात्यात बत्तीस वर्षं.
साच्यांच्या खडखडाटावरून बोलायची सवय
मिलला कुलूप लागलं तरी सुटली नाही.
जेवताना मीठ मागायचा तेही
पलीकडच्या पाळीला हाक मारल्यासारखं.
कन्फेशनच्या जाळीमागून त्याची पापं
तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू यायची,
आणि इतकी किरकोळ असायची
की मलाच लाज वाटे.
पेंटेकॉस्टला तोच वाचायचा. माईक बाजूला सारून.
आम्ही पोरं पोट धरून हसायचो:
पवित्र आत्मा बहिरा आहे का?

रविवारी नवतपाचा चौथा दिवस.
ओरांव पोरी लाल काठाच्या साड्यांत,
फादर मिंजांचा लाल झगा काखेत भिजून काळा.
वेदीवर सात ज्योती पेटवायच्या म्हणून पंखे बंद.
आम्ही गात होतो, ये रे वाऱ्या, ये,
आणि वाऱ्याची सगळी बटणं
लिगोरीकाकांच्या बोटाखाली.

हिंदी झाली. मल्याळम, तमिळ, कोकणी, कुडुख.
इंग्रजी एका कॉलेजच्या मुलानं घाईत उरकली.
भिली मकरीबाईनं म्हटली, कागदाशिवाय, डोळे मिटून.
माझी पाळी आली
आणि वीज गेली.

मेलेल्या माईकपुढे दोन ओळी ओठांतच वाचल्या.
मागून कुणीतरी, "सुनाई नहीं दे रहा."

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही.
छातीखालच्या कुठल्यातरी जागेतून,
जिथे कापसाची धूळ बसून असावी,
आवाज निघाला.
गांजलेल्यांसाठी.
रात्रपाळीवरून परतणाऱ्यांसाठी.
ज्यांचं काम गेलं आणि नुसता आवाज उरला, त्यांच्यासाठी.
हे तर मी लिहिलंच नव्हतं.
ज्योती हलल्या.
माझ्याच श्वासानं हलल्या, मी पाहिलं.
"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," म्हटलं
तर मराठीत उत्तर द्यायला एकटी आई,
दुसऱ्या बाकावर, बसक्या गळ्यानं.
मग बाकीचे, हिंदीत, जरा उशिरा.

बाहेर कडुलिंबाखाली सामोसे आणि पाणचट सरबत.
मकरीबाईनं माझं मनगट धरलं.
"आधे से ज्यादा समझ गई.
हमारी बोली की कोई दूर की बहन लगती है.
एक ही शब्द अटका. गांजलेले."
मी सांगू लागले. परेशान नाही. दुखी नाही.
हिंदी, जी सारा दिवस तोंडात असते,
ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे.
तिनं सामोसा डाव्या हातात घेतला,
उजवा खांद्यावर ठेवला,
आणि मोळी डोक्यावर घेतल्यासारखी मान वाकवली:
"ये?"
हो. हेच.

आत लिगोरीकाका पास्काची मेणबत्ती
वेदीजवळून बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे नेत होते,
पन्नास दिवसांत वितभर उतरलेली,
लहान मूल न्यावं तशी, दोन्ही हातांत.
तेवढ्यात वीज आली.
पंखे सगळे एकदम.
माझ्या हातातला कागद फडफडून उलटा झाला.
बिल भरायची शेवटची तारीख
उद्याची होती.